उरण रस्त्यावरचं फाटक

नव्वदच्या दशकात आमच्याकडे दर हिवाळ्यात तीन दिवसांची सायकल शर्यत व्हायची. वाशीच्या बाजारातले माथाडी आणि खाडीकाठच्या गावांतली मंडळी मिळून ती भरवायचे. रोज एक टप्पा. तिन्ही दिवसांचा वेळ मिळवून नंबर काढायचे. माझा नवरा माथाडी. त्या वर्षी दोन टप्प्यांनंतर हे पहिले होते, पण जेमतेम.

शेवटच्या दिवशी माझी ड्युटी उरणच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकापाशी होती. सोबत गावातले एक म्हातारे काका. नियम साधा होता. फाटक पडलं तर थांबायचं. थांबलेला वेळ मी लिहायचा, तो नंतर वजा होणार. दांड्याखालून घुसेल तो बाद.

काकांच्या गावचा गडी एकटाच पुढे निसटला होता. तो रूळ ओलांडून गेला आणि मागोमाग फाटक पडलं. थोड्या वेळानं बाकीचे आले. पुढे हेच. यांनी पाय टेकवला. वळणावर मालगाडी दिसत होती.

"थांबा, वेळ लिहिलाय मी," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पलीकडे लहान होत चाललेल्या त्या पाठीवर नजर. मग सायकल तिरकी केली, मान वाकवली आणि खालून गेले. फाटकवाला ओरडला. चाक रुळात अडकलं. यांनी हिसका दिला, पुन्हा दिला. इंजिनाचा भोंगा वाजला आणि मग मध्ये नुसते डबेच डबे. मी वाकून चाकांच्या फटीतून पलीकडे बघत होते.

शेवटचा डबा गेला. दूर रस्त्यावर हे सायकल मारत होते.

पेन हातातून पडलं होतं. काकांनी उचलून दिलं. "बाय, तुजा घरवाला हाय. मी कायच बगितला नाय. लिवू नको."

मी यांच्या पाठीवरचा नंबर बाद म्हणून लिहिला.

वाशीत पंचांनी यांना बाद केलं. शर्यत संपताच लोकांनी गळ्यात घातलेला हार यांनी काढून टेबलावर ठेवला. घरच्या जिन्यात म्हणाले, "वेळ खरंच वजा झाला असता?"

"झाला असता."

"माझा इस्वास नव्हता. तुझ्यावर न्हाई, त्या पंचांवर."

हे जेवायला बसले. मी भात वाढत राहिले.

पुढच्या वर्षी यांनी पुन्हा नाव दिलं. त्या ड्युटीला मात्र मी नाही म्हणाले.