परवल आवडणारे भासरे

आमच्या भासऱ्यांइतका बोलका माणूस अख्ख्या मुलचेरा तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या झाडीपट्टीतल्या जुन्या वळणाच्या घरांत भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं, तिने त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नसतो, आणि चुकून एकमेकांच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून दोघांनीही अंगणात जपून वावरायचं असतं. मी चंद्रपुरात वाढलेली. आमच्या गल्लीत लोक भांडायचेसुद्धा तोंडासमोर. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी ओसरीवर चहा ठेवला, आणि भासरे घोट घेऊन समोरच्या सागवानी खांबाला म्हणाले, "खांबा, चहा झ्याक झाला गा, पन साखर जराशी कमी टाकत जा म्हना," तेव्हा मी घाबरून चुलीपाशी पळाले आणि मोठ्या जावेला विचारलं, "यांना बरं नाही का?" जाऊ हसून हसून खालीच बसली. "अवं, तो खांब म्हंजे तूच होय," ती म्हणाली, आणि मग मला हळूहळू सगळी रीत समजावून सांगितली.

रीत पाळणारे पुष्कळ असतात, पण बहुतेक जण ती गप्प राहून पाळतात. आमच्या भासऱ्यांना गप्प राहणं ठाऊकच नव्हतं. विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक त्यांच्या गप्पांत सापडून दुपारी आमच्याकडेच जेवला आणि मोटार तशीच ठेवून संध्याकाळी घरी गेला, असे ते बोलके. मग घरात दिवसभर वावरणाऱ्या माझ्याशी बोलायचं नाही म्हणजे त्यांच्या जिवाचे हाल. त्यावर त्यांनी तोडगा काढला. धानाचा बांध कुठे फुटला, कुणाची गाय वाघाने नेली, यंदा मोहफुलं कशी उशिरा पडताहेत, हे सगळं ते खांबाला सांगायचे. खांब जवळ नसला तर वासराला, वासरू नसलं तर पाण्याच्या टाकीला. मोबाईल आल्यावर तर पंचाईतच झाली. ते अहेरीच्या बाजारातून फोन करायचे, इकडून मी उचलायची, आणि तिकडून आवाज यायचा, "मोबाईल, सांग म्हना घरी, मी जेवाले नाई येऊन राह्यलो." मीही मग मोबाईललाच म्हणायची, "बरं म्हणावं." आमच्या दोघांच्या मधे तो बिचारा फोन उगाचच तिसरा माणूस होऊन बसला होता.

एकदा मी गोठ्यात शेण काढत होते. भासरे दारात आले, आणि माझ्या पायाजवळ त्यांना साप दिसला. दुसऱ्या कुणीही माझ्या नावाने बोंब ठोकली असती. भासरे ओरडले, "म्हशी, मांगं सरक! म्हशी, तुह्या पायापाशी साप हाय वं!" मला वाटलं, साप म्हशीजवळ आहे. मी दावं धरून म्हशीला मागे ओढायला लागले, म्हैस मला पुढे ओढायला लागली, भासरे बाहेर नाचत म्हशीला शिव्या देत राहिले, आणि या गोंधळाला कंटाळून तो साप स्वतःहून भिंतीच्या भोकातून निघून गेला. जावेने त्या दिवशी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "तिले चावला असता म्हंजे?" भासरे कळवळून म्हणाले, "मंग काय रीत मोडू का मी?" आणि रात्री जेवताना खांबाला तीनतीनदा विचारून घेतलं, की पाय बरोबर आहे ना, कुठी खरचटलं तर नाई.

आमच्या दोघांमधली खरी दुभाषी म्हणजे माझी जाऊ. आणि दुभाषी कसली, ती तर मधल्या मधे मनाचं घालायची. भासरे म्हणायचे, "भाजीत तिखट लय झालं," आणि ती मला सांगायची, "भाजी लय आवडली म्हने त्यायले." मी कुरकुरायची की यांची धोतरं धुऊन हात दुखले, ती त्यांना सांगायची, "पोरगी म्हनते, भाऊजीचे कपडे मीच धुवीन." त्यामुळे मी फार गुणाची आहे असा त्यांचा समज होता आणि ते फार कौतुक करणारे आहेत असा माझा. त्या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. तिने मलाच लेकीसारखं वागवलं, आणि पोटाच्या दुखण्याने एका उन्हाळ्यात ती गेली.

त्यानंतर भासरे खांबाशीही बोलेनासे झाले. ओसरीवर बसायचे, समोर ठेवलेलं खायचे, शेतावर जायचे, यायचे. मी मुद्दाम चहात मूठभर साखर टाकून पाहिली, ते मुकाट प्यायले. माझा नवरा भावाशी दोन शब्द बोलायला बसायचा आणि उठून यायचा. घरात माणूस असून आवाज नाही, ही गोष्ट मला रोज टोचायची. जाऊ गेल्याचं रडू एकीकडे आणि हे एकीकडे. आपल्याला दोन माणसं गमवावी लागली, असंच मी धरून चालले होते.

पुढे दुसऱ्या वर्षी कधीतरी भासरे मुलचेऱ्याच्या आठवडी बाजाराला जायला लागले. येताना पिशवीभर परवल. पुढच्या आठवड्यात पुन्हा परवल. आमच्याकडे ही भाजी फारशी कुणी खात नाही. आसपासच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली माणसं ती पिकवतात आणि बाजारात आणतात. मी परवलाचा रस्सा केला, काप केले, चण्याची डाळ घालून केली, शेवटी लोणचंसुद्धा घातलं. माझा नवरा ताट पाहून उसासा टाकायचा. पण भासरे जेवायचे, आणि एक दिवस हळूच खांबाला म्हणाले, "खांबा, हे भाजी तेलात जरा जास्त परतली पायजे म्हने." माझ्या हातातला पळा खाली पडला. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला होता. जास्त परतायला त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माणसाला परवल आवडतंय, त्याने तोंड उघडलंय, एवढंच मी पाहिलं. आणि अति शहाणपणा करून खांबाला जाहीर केलं, "आता कुणी उन्हातान्हात बाजाराला जायला नको म्हणावं. मी परसातच परवल लावते."

भासऱ्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, कृतज्ञता असेल.

त्या आठवड्यात मी त्यांना घरी बसवून नवऱ्याला बाजारात पिटाळलं. तो परवलाचे वेल घेऊन आला आणि जेवताना सहज सांगायला लागला, की वेल देणाऱ्या विधवा बंगाली बाईंनी भाऊंची फार चौकशी केली. भाऊ आले नाहीत म्हटल्यावर त्यांनी निरोप सांगितला. पुढच्या बाजारापासून त्या यायच्या नाहीत, त्यांचा भाऊ त्यांना कायमचा रायपूरकडे न्यायला येतोय. भासऱ्यांचा घास हातातच राहिला. ते ताटावरून उठले, आणि मला परवलाचा सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला. खरं सांगते, आधी राग आला. माझ्या जावेच्या चुलीशी दुसरी कुणी बाई बसणार, या नुसत्या विचाराने मी त्यांचं ताट दाणकन उचललं. मग ओसरीवर पाठ करून उभे असलेले भासरे दिसले. त्यांचे खांदे जाऊ गेली त्या दिवशी जसे होते तसेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते. भासरे दारात आले. खांबाकडे गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला, डोक्यावरून असा ओढला की नाकाखालचं तेवढं दिसावं, आणि एखाद्या नव्या नवरीसारखे भिंतीला टेकून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले.

मी सूप खाली ठेवलं. सापासाठी मोडली नाही ती रीत त्यांनी मोडली होती.

"बाई, तुमाले विचाराचं होतं. त्या परवलवाल्या बाई मांगंच म्हनल्या, आधी माह्या भावाले नको विचारू, घरातल्या बाईले सोता विचार. जिच्या चुलीपाशी मले बसाचं हाय, तिचा शब्द पायजे. तिनं नाई म्हनलं तं मी भावासंग रायपूरले जातो." दुपट्ट्याआडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तुमच्या जावेचा फोटो भिंतीवरच राहीन जी. तो मी काढू देनार नाई. त्याबी म्हनते, काढू नको. तुमी नाई म्हना, मी पुन्ना नाई विचारनार."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि हसूही आवरत नव्हतं. "भाऊजी," मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली, "दुपट्टा काढा आणि गाडी काढायला सांगा यांना. रायपूरचा भाऊ पोचायच्या आत त्यांना घेऊन या." मग भासरे डोक्यावर दुपट्टा तसाच ठेवून माझ्या नवऱ्याला हाका मारत निघाले. मला इतकं हलकं वाटत होतं की पुढे किती तरी वेळ मी निवडलेले तांदूळच पुन्हा निवडत होते.

लग्न देवळात झालं. नवी जाऊ माझ्याहून थोडीच मोठी, तिचं मराठी आमच्यासारखंच झाडीचं, मधूनच बंगाली सूर लागणारं. येताना तिने पहिल्या नवऱ्याचा फोटो आणला आणि माझ्या जावेच्या शेजारी लावला. मी तिला खांबाची गोष्ट सांगितली तर ती अजिबात चकित झाली नाही. "आमच्यातबी असंच हाय," ती म्हणाली. "आमी भासुर म्हनतो. माह्या भासुरासंग मी कधी बोललीच नाई. म्हनून तं मले ठाऊक होतं, हे मानूस तुमाले विचाराले काऊन इतका घाबरून राह्यला." दोन गावांच्या मधे नदी आहे, भाषा वेगळी आहे, आणि भासऱ्याला दोन्हीकडे जवळजवळ एकच शब्द, याची मला फार गंमत वाटली.

मागच्या महिन्यात दुपारी आम्ही दोघी भात उतरवून बसलो होतो. भासरे परसात परवलाच्या वेलाला मांडव घालत होते आणि वेलाशी मोठमोठ्याने बोलत होते. नव्या जावेने भिंतीवरच्या माझ्या पहिल्या जावेच्या फोटोकडे पाहत मला विचारलं, "दीदी त्यायले हाक कशी मारत होती?" मला नक्कल छान जमते. मी मान वेळावून, अगदी तिच्या चढ्या सुरात म्हटलं, "अजी, आयकता का? भात थंडा होऊन राह्यला ना!"

"आलो, आलो!" परसातून आवाज आला. पावलं घाईघाईने वाजली. भासरे ओले हात झटकत दारात आले, आणि आम्हा दोघींना पाहून थांबले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नव्या जावेने पाट सरकवला आणि म्हणाली, "या, बसा. भात खरंच थंडा होऊन राह्यला." ते बसले. सावकाश जेवले, भात मागून घेतला. उठताना माझ्याकडे न बघता, पण मलाच म्हणाले, "बाई, अशीच होती तिची हाक. कधीमधी देत जा."

माझ्याआधी नव्या जावेने मान हलवली. मग मीही म्हटलं, "हव, देत जाईन."