सरपणाचा कोट

माझे सासरे चाळीस वर्षं शिंपीकाम करत होते. पुरुषांचे कोट ही त्यांची खासियत. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी मापाची टेप अजून गळ्यातच असते. आंघोळीला जाताना काढतात आणि बाहेर आल्यावर सदऱ्याच्या आधी तीच गळ्यात येते. दारात कुणी आलं की मामंजी आधी त्याचे खांदे बघतात, मग तोंड. मला बघायला आले तेव्हा माझं शिक्षण वगैरे बाकीच्यांनी विचारलं. मामंजी जाता जाता एवढंच म्हणाले, की डावा खांदा जरा उतरता आहे, पण चालेल.

गेल्या थंडीत आमचं सरपण परसात प्लास्टिकखाली पडून भिजलं. बाहेरच्या खोलीतली लोखंडी शेगडी दोन महिने नुसती धुमसत राहिली, आणि चिमी, माझी सहा वर्षांची मुलगी, दोन महिने खोकत राहिली. मी खोकले मोजायची. नवरा म्हणायचा, मोजून कमी होतात का. न मोजता तरी कुठे कमी होत होते? डॉक्टरांनी औषध दिलं आणि वर सांगितलं, की कोरडं लाकूड जाळा, नाहीतर येत राहा माझ्याकडे. म्हणून या वर्षी थंडीच्या आत लाकडांसाठी शेड व्हायलाच हवी, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

शेजारच्या सुतारबुवांनी सोमवार सांगितला. मग त्याच्या पुढचा सोमवार. तिसरा सोमवारही कोरडा गेल्यावर मामंजी उठले. म्हणाले, तारखा देणं काय असतं ते मला कुणी शिकवू नये, मी जन्मभर तेच केलंय. शेड मीच करतो.

आधी त्यांनी लाकडांच्या ढिगाचं माप घेतलं. टेपचं एक टोक चिमीच्या हातात देऊन ढिगाला प्रदक्षिणा घातली आणि आकडे सांगितले: छाती इतकी, कंबर इतकी, उंची इतकी. मी वहीत लिहून घेत होते. ढीग खालच्या अंगाला फुगला होता. "पोट सुटलंय," ते मला हळूच म्हणाले, "पण बोलायचं नाही. गिऱ्हाईक दुखावतं." मग वर्तमानपत्रं चिकटवून भिंतींचं कागदी कटिंग झालं, फळ्यांवर खडूच्या रेघा आल्या. प्रत्येक फळी दोन बोटं जास्त कापली, पुढेमागे सैल करायची वेळ आली तर असावी म्हणून. खिळे आधी अर्धेच ठोकले. ती कच्ची शिलाई. मग चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून ट्रायल बघितली. ते शिडीवर चढले की मी खाली शिडी घट्ट धरून उभी. मी धरल्यामुळेच ती हलते, असं वरून ऐकू यायचं.

पंधरा दिवसांत शेड उभी राहिली आणि खरं सांगते, देखणी होती. फळीला फळी अशी भिडलेली की मधून पोस्टकार्ड जाऊ नये. सांध्यांना आतून कापडाच्या पट्ट्या. दाराला कडीच्या जागी लाकडाचं बशीएवढं बटण. वाऱ्याची झुळूक आत शिरली तर नाव लावणार नाही, असं मामंजी म्हणाले. त्यांच्या कोटांची ख्याती तीच होती.

लाकडं आत रचल्यावर मी रोज दार उघडून वास घ्यायची. आठव्या दिवशी वास आला, ओल्या पायमोज्यांचा. लाकडांवर पांढरी बुरशी धरली होती आणि दाराला आतून पाणी सुटलं होतं. थंडीला जेमतेम दोन महिने उरले होते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुतारबुवा कुंपणावरून डोकावले. तीन सोमवार न सापडलेला माणूस त्या दिवशी मात्र बरोबर हजर. "मास्तर, लाकडाला कोट कशाला घातलात? त्याला वारा लागतो. घामाघूम झालंय बिचारं."

मामंजी घरात गेले. गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली. त्या दिवशी अर्धंच जेवले. दोन दिवस ते खुर्चीत आणि टेप खुंटीवर. मला एकीकडे त्यांची काळजी, दुसरीकडे बुरशीची. आणि खोटं कशाला बोलू, बुरशीची थोडी जास्त. सुतारबुवांना बोलावून सगळं मोडायला लावावं असं दहादा मनात आलं. पण मग ती टेप खुंटीवरून उतरली नसती.

तिसऱ्या दिवशी चहा देताना मी विचारलं, "मामंजी, कोटात गिऱ्हाइकाला घाम यायला लागला, तर तुम्ही काय करायचात?"

"काखेत मोकळं करायचं. पाठीला चीर द्यायची." ते कपाकडेच बघत होते. मग म्हणाले, "अस्तर काढून टाकायचं."

"म्हणजे उसवायचं?"

"मग? ज्याला उसवायची लाज वाटते तो शिंपी कसला, सूनबाई?"

आणि चहा तसाच ठेवून उठले. जाताना खुंटीकडे वळले.

उसवणं दोन दिवस चाललं. पट्ट्या निघाल्या, एकाआड एक फळी निघाली, मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडली. एकही खिळा वाकू दिला नाही. निघालेल्या फळ्या खाली अंथरून लाकडं जमिनीपासून वर उचलली. सुतारबुवांनी कुंपणावरून विचारलं, मदतीला येऊ का. मामंजींनी त्यांना पुढचा सोमवार दिला. जास्तीची दोन बोटं मात्र अजून कोपऱ्यांतून बाहेर डोकावतात. त्यांना अडकून माझा स्वेटर दोनदा फाटला आणि दोन्ही वेळा मामंजींनीच रफू करून दिला.

थंडी पडली त्या संध्याकाळी शेगडी पेटवली. मी आधीच खिडकी उघडून तिच्याशेजारी उभी होते. लाकूड तडतडलं, पेटलं, धूर मुकाट वर धुराड्यात गेला. मी, नवरा, मामंजी, तिघंही शेगडी सोडून चिमीकडे बघत राहिलो. तिने आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि खोकली.

मी खिडकीपासून झेप घेतली. मामंजी खुर्चीतून अर्धे उठले.

"सगळे बघत होते ना," चिमी म्हणाली, "म्हणून."

तो खोकला मी मोजलेला नाही.