खणातले खण

आमच्या मावळात ब्लाउजपीस शिवायला नसतो, पुढे ढकलायला असतो. ओटीत आला की घरी न्यायचा, घडी न मोडता ट्रंकेत टाकायचा आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत घालायचा. तो शिवून अंगात घालणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. घालणार तरी कशी? एक तर साडीशी जुळत नाही, नाहीतर बाह्यांना पुरत नाही. पण दिला नाही, तर वर्षभर बोलणी खावी लागतात.

लोणावळ्याच्या बाजारात माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. डावीकडे चिक्की, उजवीकडे चिक्की, मधे मी. समया, फ्रेमा, भिंतीवरची घड्याळं, मातीची भांडी असला माल. पूर्वी हे सगळं चकचकीत कागदात जायचं, वर प्लॅस्टिकची फीत, आत थर्माकोलच्या गोळ्या. पंखा लावला की त्या गोळ्या दुकानभर नाचायच्या. एके दिवशी डावीकडचा चिक्कीवाला चिमटीत एक गोळी धरून आला आणि म्हणाला, "वहिनी, हा शेंगदाणा नाही."

मी रागीट आहे. त्याच्या समोरच मी गोळ्यांचं पोतं बांधून टाकलं आणि आजपासून बंद म्हणून जाहीर केलं. बंद करणं सोपं होतं. आता गुंडाळायचं कशात, हे काही मला सुचलेलं नव्हतं. आधी वर्तमानपत्र करून पाहिलं. बारशाचा चांदीचा वाळा गुंडाळला, तर वरच्या बाजूला नेमका कुणा आजोबांचा श्रद्धांजलीचा फोटो आला. गिऱ्हाईक परत आलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

मग घरातली ट्रंक आठवली. चौकोनी कापड, चार टोकं, मधे एक गाठ, गाठीत झेंडूचं फूल. चिकटपट्टी नको, फीत नको. मुंबईच्या पाहुण्यांनी फोटो काढले आणि "किती सस्टेनेबल!" म्हणून गेले. गावाकडच्या मावशी म्हणाल्या, "कागद संपला व्हय गं?" पण ट्रंक लवकरच रिकामी झाली. म्हणून मी दारावर पाटी लावली: पडून राहिलेले ब्लाउजपीस आणून द्या, तुमची गुंडाळणी फुकट.

मावळात एवढे ब्लाउजपीस असतील हे मला ठाऊक होतं. पण ते द्यायला बायका अशा येतील, असं वाटलं नव्हतं. आधी रस्त्यावर इकडंतिकडं पाहायचं, मग आत यायचं, मग पदराखालून गठ्ठा काढायचा. चोरीचा माल असता तरी एवढी सावधगिरी बाळगली नसती. आणि प्रत्येकीची अट एकच.

"ह्यो आमच्या नणंदंनं दिलेला हाय. खंडाळ्याला जाऊ देऊ नगा. तिला वळकू येईल."

बरोबर आहे. भेट उघडावी आणि वरचं कापड आपणच वहिनीला दिलेलं निघावं, म्हणजे महाभारतच. तेव्हा मी भिंतीवरच्या मांडणीचे खण वाटून टाकले. खंडाळ्याहून मिळालेले खण एका खणात, भाज्याचे दुसऱ्यात, सुदुंबऱ्याचे तिसऱ्यात. ज्या गावाहून मिळाला, त्या गावाला तो जायचा नाही. फारच धोक्याचे असतील ते सगळ्यात वरच्या, मुंबईच्या खणात. ते रविवारच्या गिऱ्हाइकांना. एकदा एक्सप्रेसवेला लागला की खण परत येत नाही. गिऱ्हाइकाला मी फक्त विचारायचे, "भेट कुठं जाणार?" आणि हात बरोबर खणाकडे जायचा. मला या व्यवस्थेचा इतका गर्व झाला होता की रेल्वेनं आपलं वेळापत्रक माझ्याकडून करून घ्यावं, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

आता थोरल्या जाऊबाईंची गोष्ट. त्या आणि भाऊजी भाज्याला असतात. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न सुदुंबऱ्याला ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण विहीणबाई कडक. सुपारी फोडली त्या दिवशी मुलाच्या मामाला टॉवेल-टोपी द्यायला उशीर झाला, तर त्यांनी पंगत थांबवून धरली. भात गार झाला, भाऊजी गरम झाले, तरी बाई ढिम्म. तेव्हापासून जाऊबाई त्यांना वचकून होत्या. "तोंडानं न्हाई बोलत गं ती," त्या मला म्हणायच्या, "पर समदं धेनात ठिवती. पोरीला तितं नांदायचंय माज्या." याच भीतीनं त्यांनी विहीणबाईंच्या साखरपुड्याच्या साडीवर साधा ब्लाउजपीस दिला नव्हता. तळेगावला जाऊन, चार दुकानं पालथी घालून, डाळिंबी खण आणला होता, रुईफुलांच्या काठाचा. साखरपुड्यात तो हातोहात फिरला म्हणे. मी त्या वेळी पंगतीत श्रीखंड वाढत होते, तो पाहायचा राहून गेला.

लग्नाआधी विहीणबाईंनी नव्या खोल्यांची वास्तुशांत काढली. जाऊबाईंचा फोन आला, "चांगली समई दे, नीट बांद, भाऊजी येऊन नेतील." भाऊजी आले. मी विचारलं, "कुठं जाणार?" हे ठाऊक असूनही विचारलं, कारण पद्धत म्हणजे पद्धत. सुदुंबऱ्याला, म्हणाले. मी भाज्याच्या खणातून त्यातल्या त्यात देखणा खण काढला, समई बांधली, झेंडू खोचला. भाऊजींना आयुष्यात कधी कुठल्या बाईच्या ब्लाउजचा रंग लक्षात राहिला नसेल. ते काखेत मारून चालते झाले.

वास्तुशांत झाली आणि दोन-तीन दिवसांत विहीणबाई स्वतः दुकानात हजर. दारावरची पाटी त्यांनी शांतपणे वाचली, स्टूल ओढून बसल्या आणि पिशवीतून तो खण काढून काउंटरवर ठेवला. डाळिंबी. रुईफुलं.

"ह्यो तुमी निवडला, का तुमच्या जाऊबायनं?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. मागे सुदुंबऱ्याची एक बाई बाजाराला आली होती, पदराखालून एकच खण देऊन गेली होती. मी नेहमीसारखं विचारलं होतं, कुठून मिळालेला? ती म्हणाली होती, भाज्याहून. आणून कोण टाकतंय, हे मी कुणालाच कधी विचारलं नव्हतं. जाऊबाईंनी जीव लावून निवडलेला खण विहीणबाईंनी शेजारणीकरवी माझ्याकडे टाकला होता, आणि मी तो झेंडू लावून, जाऊबाईंच्या नावानं, विहीणबाईंच्याच दारात परत पोचवला होता. याहून सणसणीत टोमणा मारायचा म्हटला असता, तरी कुणाला जमला नसता.

जाऊबाईंचं नाव घेतलं तर सोयरीक संपली. माझं नाव घेतलं तर माझी अक्कल निघाली. अक्कल काय, पुन्हा येईल.

"मीच निवडला," मी म्हणाले. "जाऊबाईंनी पाहिलासुद्धा नाही."

गंमत अशी की विहीणबाईंनाही काही बोलता येत नव्हतं. हा मी टाकलेला परत का पाठवला, असं विचारायचं, तर टाकला हे आधी कबूल करावं लागतं. आम्ही दोघी समोरासमोर, मधे खण, आणि दोघींची तोंडं शिवलेली.

शेवटी त्याच म्हणाल्या, "असाच एक माज्याकडं हाय. साखरपुड्याला आल्याला. ह्यो त्येचा जोडीदार आसंल."

"असणारच," मी झटकन म्हणाले. "एकाच ताग्यातले दोन घेतले होते त्यांनी."

"व्हय. ताग्याचं आसंच आसतंय," असं म्हणत त्यांनी खण पुन्हा पिशवीत घातला. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाल्या, आणि गेल्या. जाऊबाईंना मी यातलं अक्षर सांगितलं नाही. लग्न होईपर्यंत फोन वाजला की तो मी नवऱ्यालाच घ्यायला लावायचे.

लग्न कामशेतजवळच्या एका लॉन्सवर होतं. वऱ्हाड उतरलं, वाजंत्री पुढे, मागे विहीणबाई. जाऊबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा हात मधेच थांबला आणि दुसऱ्या हातानं त्यांनी माझं कोपर असं दाबलं की माझ्या बांगड्या रुतल्या.

"अगं, माजा खण! शिवला तिनं!"

खरंच. कोपरापर्यंत बाह्या, बाहीच्या टोकाला रुईफुलं, वर मोतिया रंगाची साडी. मावळात दिलेला ब्लाउजपीस शिवला गेलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. जाऊबाईंचं तोंड इतकं उजळलं की नवरीपेक्षा त्यांच्याकडेच बघत राहावं. दुपारभर त्या येईल त्या बाईला सांगत होत्या, "मी दिल्याला हाय. तळेगावातनं आणल्याला." मुलीची काळजी मिटली होती त्यांची. जिनं आईचा खण अंगाला लावला, ती लेकीला काय छळणार?

जेवणं झाल्यावर विहीणबाई आमच्यापाशी आल्या. आवाज अगदी गोड.

"विहीणबाय, आमचा न्हाई शिवला व्हय? पोपटी? साखरपुड्याला लय हौसंनं दिल्ता."

जाऊबाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त आतलं माणूस निघून गेलं. "शिंप्याकडं टाकलाय," त्या म्हणाल्या. "लगीनसराई हाय ना. गर्दी लय."

"आस्सं," म्हणून विहीणबाई विडा घ्यायला गेल्या. जाऊबाईंनी मला ओढत पाण्याच्या ड्रमामागं नेलं.

"कुठाय त्यो?"

"कोण?"

"पोपटी! मागल्या मैन्यात तुज्याकडं न्हवता का टाकला? सुदुंबऱ्याचा म्हणून?"

मला आठवला. विहीणबाईंना कळलं तर मरायचं, म्हणून मीच तो मुंबईच्या खणात ठेवला होता. मागच्या रविवारी एका मातीच्या कासवाभोवती गुंडाळून तो पांढऱ्या गाडीतून गेला होता. गाडी वरळीची की विरारची, तेही विचारलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. जाऊबाई मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तिनं अंगावर घातला गं. आन मी फुकटच्या गुंडाळणीपायी..."

पाठवणीच्या वेळी त्या इतक्या रडल्या की मुलगीच त्यांना समजावू लागली. बायका म्हणत होत्या, आईचं काळीज. काळीज होतंच, मी नाही म्हणत नाही. पण त्या पोपटी ब्लाउजपीससाठी गाळलेले थेंब मी त्यात ओळखत होते, आणि मलाही भरून आलं होतं. विहीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी जाऊबाईंना जवळ घेतलं. जाऊबाईंचं तोंड त्या डाळिंबी बाहीत लपलं. तिथं तर त्यांना आणखीच उमाळा आला.

"गप ऱ्हावा आता," विहीणबाई त्यांची पाठ थोपटत म्हणाल्या. "पोर माजी हाय." मग त्यांच्या डोक्यावरून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "आन त्या शिंप्याला म्हनावं, घाई न्हाई. माजाबी एकदा इसरून ऱ्हायल्ता त्येच्याकडं."

जाऊबाईंचं रडणं जिथल्या तिथं थांबलं.