ताईचं नाव आणि गेलेला डिस्प्ले

आधीच सांगतो, माझ्या दुकानाच्या दाराला मी लिंबू-मिरचीसुद्धा टांगत नाही. करणी, भूतबाधा असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ चेष्टा करतो. मिरजगावात हायवेला माझं फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच, एवढीच माझी श्रद्धा... होती म्हणा.

गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. दशक्रियेचा फ्लेक्स मीच करायला बसलो. अण्णांचा फोटो टाकला, खाली 'शोकाकुल' लिहून घरातल्यांची नावं टाकत गेलो. त्यात थोरल्या बहिणीचं, ताईचं नाव ओघानेच आलं. आमचे चुलते नाना मागे खुर्चीत बसून बघत होते.

"तिचं नाव काढ."

"नाना, शेवटचं सगळं दुखणं तिनंच काढलं अण्णांचं."

"काढलं आसंल. जातीभाईर लगीन करून गेली ती. तिचं नाव दिसलं तर भावकीतलं एक मानूस घाटावर येनार न्हाई. बग मंग."

भावकी आली नाही तर गाव काय म्हणेल, एवढाच विचार केला मी. लिहितानाही लाज वाटते. नाव डिलीट केलं, सेव्ह केलं — आणि स्क्रीन काळी. 'नो सिग्नल'.

शेजारी नवनाथचं कॉम्प्युटर रिपेअरिंग आहे. भर दुपारी आम्ही दोघांनी मशीन उघडलं. पंखे फिरत होते, कीबोर्डचा लाईट लागत होता, डिस्प्ले तेवढा नाही. रॅम काढून खोडरबरने घासली. ग्राफिक्स कार्ड पुसून परत बसवलं. केबल बदलली, मॉनिटर बदलला. शेवटी नवनाथने स्वतःच्या दुकानातलं चालू कार्ड आणून लावलं, तरी तेच.

"कार्डचा स्लॉटच गेला वाटतं," म्हणत त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि मॉनिटरची केबल उगाच मदरबोर्डला खोचली. "हितनं काय दिसत नसतंय, ह्या प्रोसेसरला ग्राफिक्सच न्हाई. चालू व्हतानाचा बीप तेवढा ऐकू." बटन दाबलं.

डिस्प्ले आला! स्वच्छ. कार्ड टेबलावर पडलेलं... आणि फाईल उघडली तर ताईचं नाव जागच्या जागी.

नाव बॅकअपमधून आलं असेल, हे मला पटतं. पण डिस्प्ले? नवनाथने वाकून केबल कुठे खोचलीय ते परत तपासलं. नानांना त्याचं काहीच नव्हतं.

"झालं न्हवं चालू? मंग काढ ते नाव."

मी काढलं. दुसऱ्यांदा. त्याच क्षणी 'नो सिग्नल'.

तिसऱ्यांदा मशीनला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मोबाईलमधला अण्णांचा फोटो कर्जतच्या एका ओळखीच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि नावं फोनवर सांगितली. ताईचं नाही सांगितलं. एवढं होऊनही नाही सांगितलं.

दशक्रियेला भावकी आली. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते नाना जेवायलाही थांबले नाहीत. घोडेगावच्या बाजारात म्हैस बघायची होती म्हणे. ताई आली ती फ्लेक्ससमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं तिने.

"तूच बनिवला का रं?"

मी मान डोलावली.

"फोटो चांगला आलाय. दवाखान्यात मीच काढला हुता. लई येळ लागला त्यानला हसवायला."

एवढं बोलून ती गेली, पाणीसुद्धा न पिता.

तेराव्यानंतर तेच जुनं कार्ड त्याच स्लॉटमध्ये लावलं, तर पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला. आजही त्यावरच काम करतो. कार्ड काढून, केबल मदरबोर्डला लावून आम्ही नंतर कितीदा तरी बघितलं — एकदाही काही दिसलं नाही. कुणा जाणकाराला कारण सुचत असेल तर जरूर सांगा.

ती फाईल अजून तशीच आहे, दोनदा काढलेल्या ताईच्या नावासकट. यंदा राखीला ताई आली नाही. ती का आली नाही, हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.