शेंगा सोलताना ताई जे बोलली

तेव्हा मी पंचविशीत होतो. दिवसा एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यमंडळात जायचो. आम्ही लकडगंजात राहायचो. बाबा ज्या आरा मशीनवर कामाला होते, ती आमच्या घराच्या मागेच होती. लाकूड चिरल्याचा आवाज दिवसभर घरात भरलेला असे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली की घरातलं भांडंसुद्धा मोठ्यानं वाजल्यासारखं वाटायचं.

मंडळाची नाटकं एक प्राध्यापक बसवायचे. मी त्यांना फार मानायचो. घरी 'मले, तुले' बोलणारा मी, त्यांच्या दारात चपला काढता काढता 'मला, तुला'वर यायचो. माझं पहिलं नाटक त्यांनी चार दिवसांत परत केलं. तुझी सगळी माणसं रेडिओवर बातम्या दिल्यासारखी बोलतात, म्हणाले. मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि एक गोष्ट समजावली. ताण आरडाओरड्यानं येत नाही. ज्याला काही मोठं सांगायचं आहे, त्याला फालतू गोष्टी बोलू द्याव्यात. आणि त्याआधी प्रेक्षकाला हसवावं, कारण हसणारा माणूस बेसावध असतो.

ते सगळं मला पटलं, पण लिहायला बसलं की सुचेना. मंडळाला स्पर्धेत उतरायचं होतं आणि माझा दुसरा अंक कोराच होता.

त्याच हिवाळ्यात ताई सासरहून, मौद्याहून आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाबांची तब्येत बरी नसते म्हणून आली, असं तिनं शेजारी सांगितलं. आम्हालाही तेच वाटलं. बाबांना दम्याचा त्रास होताच.

एका रविवारी दुपारी ती आणि माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी आत खिडकीशी वाचत होतो. मागची मशीन नुकतीच थांबली होती.

"शेंगा यंदा मस्त भरल्या वं माय," ताई म्हणाली. "तिकडं तर किडक्याच भेटत होत्या. मले आता मौद्याले जायचं नाही. सूप इकडं सरकव."

मायनं सूप सरकवलं नाही. "काहून वं?" एवढंच तिनं विचारलं.

ताईनं शेंगा सोलता सोलताच सांगितलं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. ताईचं अंथरूण गुरांच्या कोठ्याजवळच्या खोलीत टाकलं होतं आणि ती तिथं आठ महिने झोपत होती. गावात कोणाला कळू नये म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती अंगण झाडायची. एके दिवशी पिशवी भरली आणि एसटीत बसली. रडली नाही. मधेच मायला म्हणाली, यातले दाणे हिरवे आहेत, ते भातात टाकू.

मी काय केलं? उठून बाहेर गेलो असतो, तिच्याजवळ बसलो असतो, तर आज हे लिहायची गरज पडली नसती. मी वहीचं मागचं पान काढलं आणि ती बोलत होती तसं उतरवून घेतलं. सूप, किडक्या शेंगा, हिरवे दाणे, सगळं. हात भराभर चालत होता. प्राध्यापक जे म्हणाले होते ते हेच, असं मनात येत होतं आणि मला आनंद झाला होता.

दुसरा अंक आठ दिवसांत झाला. तो मी तिच्या सासरच्या अंगणातच घडवला. घरातली बाकी माणसं मी पुस्तकी मराठीत बोलती केली आणि ताईवरून घेतलेली बाई एकटी आमच्या बोलीत. तिच्या 'काहून'ला आणि 'मले'ला लोक हसणार हे मला ठाऊक होतं. हसू द्यायचं, आणि मग त्याच बोलीत तिला कोठ्याजवळच्या खोलीचं बोलू द्यायचं. आरा मशीनचा आवाजही मी घेतला. तो नेमका कुठं थांबायचा ते लिहून ठेवलं. तरी शेवट थोडा थंड वाटत होता, म्हणून मी आणखी एक गोष्ट घातली. निघताना ती नवऱ्याच्या पाया पडते, मले ठेवून घ्या म्हणते, आणि तो दार लावून घेतो. हे ताईनं सांगितलेलं नव्हतं.

प्राध्यापकांनी अंक वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. हे कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं. सुचलं, असं मी सांगितलं.

प्रयोगाला मी गल्लीतल्या घरोघरी पास वाटले. ताईलाही बोलावलं. तिला नाटकात काय आहे ते सांगितलं नाही. सांगायचं डोक्यात आलं होतं, पण सांगितलं तर ती नको म्हणेल ही भीती होती. तिनं मायची चांगली साडी मागून घेतली आणि शेजारच्या बायकांबरोबर तिसऱ्या रांगेत बसली. मी विंगेतून पाहत होतो.

पहिल्या 'काहून'ला सभागृह हसलं. ताईसुद्धा हसली. आपल्या घरची बोली मंचावर ऐकून तिला कौतुक वाटलं असावं, कारण तिनं शेजारणीच्या हाताला हात लावून काहीतरी सांगितलं. मग शेंगांचं सूप आलं. मशीनचा आवाज थांबला. ताईचा हात शेजारणीच्या हातावरून निघाला. तिनं समोर बघायचं सोडून आजूबाजूला, गल्लीतलं कोण कोण आलं आहे ते पाहिलं. आमची नटी पाया पडली तेव्हा तिनं मान खाली घातली आणि पडदा पडेपर्यंत वर केली नाही.

सभागृहात कोणी खोकतही नव्हतं. मला ताई दिसत होती आणि ती शांतताही ऐकू येत होती. खरं सांगायचं तर मी त्या शांततेवर खूश होतो. ही गोष्ट मी अनेक वर्षं कोणाला सांगितली नाही.

लेखनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. "तुला साखर कमी लागते ना?" तिनं विचारलं. मी कप उचलला आणि थांबलो. ती माझ्याशी कधी 'तुला' म्हणाली नव्हती. मी विचारलं, अशी काहून बोलून राहिली?

"तुझ्यासमोर आता जपून बोलायला हवं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग आत वळून मायला नेहमीच्या बोलीत म्हणाली, माय, मले पाणी तापवून दे.

मायनं मात्र मला सोडलं नाही. बाबा कामाला गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "तिनं आठ महिने झाकलं," म्हणाली, "तू एका दिवसात लोकाईले दाखवलं."

मी ताईची माफी मागितली. ती म्हणाली, बक्षीस मिळालं ना, झालं तर मग. नळावर बायका तिला विचारू लागल्या होत्या. काही कळवळ्यानं विचारायच्या, ते जास्त वाईट. ती पहाटेच पाणी भरून ठेवू लागली. वर्षभरात तिनं बालवाडीच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रताप नगरात नोकरी धरली आणि तिकडंच खोली केली. ती दुखावून गेली, असं आम्ही कोणाला म्हणालो नाही. शाळा जवळ पडते, असं सांगितलं.

त्या नाटकाचे आणखी दोन प्रयोग झाले. मी नको म्हणू शकलो असतो. प्राध्यापकांना खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि 'सुचलं' म्हणालो होतो ते खोटं होतं हेही. मी गप्प राहिलो, प्रयोगांना गेलो, टाळ्या घेतल्या. त्यानंतर मात्र माझ्याकडून नाटक लिहून झालं नाही. घरात कोणी बोलू लागलं की माझा हात वहीकडे जायचा, आणि मग मीच उठून बाहेर जायचो.

दहा-बारा वर्षांनी एका कॉलेजच्या मुलांचं पत्र आलं. त्यांना ते नाटक करायचं होतं. या वेळी मी संहिता घेऊन ताईकडे गेलो. तू नको म्हणालीस तर नाही, असं सांगितलं. तिनं चष्मा लावला, मुलांच्या वह्या तपासायची लाल पेन्सिल हातात घेतली आणि दुपारभर वाचत बसली. मी समोर बसून होतो. कोठ्याजवळच्या खोलीचं पान तिनं वाचून उलटलं. पुढच्या पानावर ती थांबली.

"मी पाया पडले नव्हते," ती म्हणाली.

मी म्हणालो, ते माझं आहे. प्रसंग चढायला हवा होता.

"बाकीचं खरं होतं. खरं लोकांना कळलं त्याचं दुःख चार-सहा महिन्यांत गेलं. पण गल्लीतली प्रत्येक बाई मला हात जोडलेली बघत होती. मी त्याला काही मागितलं नव्हतं. पिशवी भरली, निघाले. तेवढं एक माझं होतं, तेही तू काढून घेतलंस."

इतकी वर्षं मी तिचं गुपित फोडलं म्हणून शरमत होतो. मी तिला काय केलं होतं ते मला तोवर कळलंच नव्हतं. तिनं ते अर्धं पान लाल रेघेनं कापलं, संहिता परत दिली आणि मुलांना करू दे म्हणाली. मग चहा टाकायला उठली.

मुलांनी प्रयोग केला तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. ती बाई शेंगा खाली ठेवते, पिशवी उचलते आणि जाते, एवढंच उरलं होतं. लोकांना अंक संपला हे लगेच कळलं नाही. दोन-चार जण कुजबुजले, मग टाळ्या पडल्या, बेताच्या. मला एका मुलानं नंतर विचारलं, सर, शेवट जरा अजून जोरात हवा होता का? मी म्हणालो, नाही, असंच झालं होतं.

ताईला मी बोलावलं होतं. ती आली नाही.