थोरल्याचा ‘क’ आणि नवा कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या मेहुण्याला सगळा बाजार ‘धाकटा’च म्हणतो. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, जिना चढताना गुडघे बोलतात, तरी धाकटा. थोरला मेहुणा या वर्षी गेला. आता हा कोणापेक्षा धाकटा, असं विचारायची सोय नाही. पण नाव काही बदललं नाही.

दोघांचं पाट्यांचं दुकान. थोरल्याचा हात ब्रशचा. पाटी रंगवून झाली की हा गडी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायचा आणि अर्धा-अर्धा तास बघत उभा राहायचा. एकदा केशकर्तनालयाची पाटी बघत होता, तर मागून पोलीस आला. “कोणावर पाळत ठेवलीय?”

“त्या ‘श’वर,” थोरला म्हणाला. “जरा वाकडा चालतोय.”

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला, स्टिकरची अक्षरं कापणारं मशीन आलं. थोरला आठ दिवस फिरकला नाही. म्हणाला, “ज्याला कोपर नाही ते काय लिहिणार?” नवव्या दिवशी धाकट्यानं त्याच्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा टाकला. “दादा, तू काढ. मी आत घालतो.” थोरल्यानं सगळी अक्षरं तळहाताएवढी काढली आणि धाकट्यानं तीन महिने माऊस धरून त्यांच्या कडेकडेनं टिंबं मारली. एकट्या ‘क’ला एकशे चौदा. थोरला मागे उभा राहून म्हणायचा, “हा माझा नाही. ह्याचं पोट सुटलंय.” की धाकटा सगळं पुसून पुन्हा पहिल्या टिंबापासून. बाजारातल्या निम्म्या पाट्या आजही त्याच अक्षरांत आहेत.

थोरला गेला तेव्हा धाकटा रडला नाही. चौथ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. कसा आहेस? “बरंय.” जेवलास का? “बरंय.” माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, म्हणाली, “अरे, आज डब्यात मीठच घालायचं राहिलं होतं ना?” त्यालाही “बरंय.”

तीन आठवड्यांनी जुना कॉम्प्युटर बसला. एक चर्र आवाज, करपल्याचा वास, संपलं. मीच त्याला हाताला धरून कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. तिथं एक बाई बसते, चष्मा कायम कपाळावर आणि शोधते टेबलावर. तिनं जुन्या मशीनचं पोट उघडलं. “बोर्ड जळालाय. पण हार्ड डिस्क शाबूत आहे काका, म्हणजे तुमचं सगळं सामान शाबूत. नव्या मशीनला सिस्टिम कुठली टाकू? विंडोजचं नवं, जुनं, की फुकटातलं लिनक्स?”

“टाका काहीतरी.”

“असं कसं? कारभारी ठरवताय घरचा. बरं, डिस्क एक की दोन? दोन घेतल्या तर जोडी लावून देते. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी चालू राहते, काम थांबत नाही.”

धाकटा इतका वेळ काउंटरवरचा स्क्रू बोटानं फिरवत होता. तो थांबला. “दुसरीला कळतं का?”

“हो तर. लगेच कळतं. स्क्रीनवर येतं, जोड तुटली म्हणून.”

“जोडी नको,” धाकटा म्हणाला.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग मीच तोंड घातलं आणि अक्षरांची गोष्ट सांगितली. केशकर्तनालयापासून सुरू केली, म्हणून जरा वेळ लागला. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली. ती अक्षरं ज्या प्रोग्रॅममध्ये होती तो बनवणारी कंपनीच राहिली नव्हती, आणि तो चालायचा फक्त जुन्या सिस्टिमवर. गिऱ्हाइकांची आजची कामं मात्र नव्या सिस्टिमशिवाय उघडत नाहीत.

“मग असं करते. लहान, वेगवान डिस्कवर नवी सिस्टिम. दुसऱ्या मोठ्या डिस्कवर तुमच्या जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, तिच्या जुन्या सिस्टिमसकट. मूळ डिस्क कपाटात ठेवा. मशीन चालू केलं की विचारेल, नवी की जुनी? दहा सेकंद थांबेल. तुम्ही काहीच दाबलं नाही तर आपोआप नवी उघडेल.”

“बरंय,” धाकटा म्हणाला.

तर असा तो कॉम्प्युटर आला. मी रोज सकाळी पेपर वाचायला त्याच्या दुकानात बसतो, त्यामुळे रोज बघत होतो. धाकटा बटण दाबायचा. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी यायच्या आणि खाली आकडे उतरायला लागायचे. दहा, नऊ, आठ. हा हात मागे बांधून उभा. तीन, दोन, एक. नवी सिस्टिम उघडली की खुर्ची ओढून बसायचा. मोबाइलवर आलेली कामं करायचा, विकतच्या अक्षरांत पाट्या करायचा. चार महिने. मी एकदा म्हटलं, “जुनी एकदा उघडून तरी बघ.”

“वेळच मिळत नाही, भावोजी. आपोआप पुढे जातं.”

मग एक दिवस किल्लीवाला आला. कोपऱ्यावर टपरी आहे त्याची, माणूस तोंडाचा फटकळ. “धाकट्या, तुझ्या भावाचं एक अक्षर उन्हानं सुटून पडलं बघ. ‘किल्ल्या करून मिळतील’ मधला पहिला ‘क’. आता नुसती वेलांटी लटकतेय. लोक किल्ली करायची सोडून हसतात.”

धाकट्यानं विकतच्या अक्षरांतला ‘क’ कापून दिला. तासाभरात किल्लीवाला तो परत घेऊन हजर.

“हा माझ्या पाटीतला नाही. शेजारी ‘करून’चा ‘क’ आहे, त्याच्याजवळ धरून बघ. तो घरचा वाटतो आणि हा जप्तीला आलेला माणूस.”

“सगळेच नवे करून देतो.”

“मला सगळे नकोत. माझा एक दे. असेल तर दे, नसेल तर नाही म्हण. मी वेलांटीवर दिवस काढीन.”

किल्लीवाला गेल्यावर धाकट्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. दहा, नऊ, आठ. बोट बटणावर टेकलेलं मला दिसत होतं. नवी उघडली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नवी उघडली. तिसऱ्यांदा तेच. मग त्यानं वायर काढली, कॉम्प्युटर उचलला आणि म्हणाला, “चला.”

बाईनं चष्मा शोधला. मी कपाळाकडे बोट दाखवलं.

“ते दहा सेकंद काढून टाका,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे थेट नवी उघडू दे? जुनी पुसून टाकू का मग? जागा मोकळी होईल.”

मी पेपरची घडी करत होतो, ती तशीच राहिली.

“नाही,” धाकटा म्हणाला. “जुनी राहू दे. नुसते आकडे काढा. मी सांगेपर्यंत थांबू दे त्याला.”

दोन मिनिटांचं काम होतं. बाईनं त्याचे काही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बटण दाबलं. दोन ओळी आल्या. खाली आकडे नाहीत, काही नाही. धाकट्यानं केर काढला. चहा प्यायला. कापायच्या मशीनचं पातं पुसलं, परत पुसलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना दुपारी या म्हणाला. मी पेपरातल्या हरवलेल्या माणसांच्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. स्क्रीनवर दोन ओळी तशाच उभ्या. साडेअकराच्या सुमारास तो उभ्याउभ्याच पुढे झाला आणि त्यानं बाण एक ओळ खाली नेला. दाबलं.

जुना निळा पडदा आला. त्यानं ‘क’ उघडला. पिवळा स्टिकर मशीनमध्ये घातला, पातं किरकिरलं, अक्षर कापून निघालं.

शिडी मी धरली. त्यानं ‘क’ वेलांटीच्या कुशीत बसवला, कापडानं दाबून हवा काढली आणि उतरला. “आत्ता कसं!” किल्लीवाला म्हणाला आणि कामाला लागला.

धाकटा रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेला. मीही गेलो, शिडी खांद्यावर घेऊनच. बराच वेळ आम्ही उभे होतो. लोक शिडीला वळसा घालून जात होते.

“भावोजी, पोट सुटलंय का?”

“नाही रे.”

“थोडं सुटलंय,” तो म्हणाला आणि तसाच बघत राहिला.