वीतभर मोकळीक

आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही. टेबलावर केसासारख्या बारीक काचेच्या फायबरमधून प्रकाश बाहेर पडतो, वीतभर उघड्या हवेत होलोग्रामच्या काचेवर वळतो आणि दुसऱ्या फायबरमध्ये शिरतो. अवरक्त असल्याने डोळ्यांना तो दिसत नाही. मध्ये खास कार्ड धरलं की ठिपका उजळतो. आज उगाच, त्याला पाहावं म्हणून मी कार्ड धरलं, तर सहकारी शिंदेबाई ओरडल्या, "अहो, चाचणी चालू आहे, हात काढा! सिग्नल गेला ना!"

काढला. मैलोन्‌मैल काचेच्या तंतूत कोंडलेल्या जिवाला एवढीच मोकळीक, आणि तिथलं वळणही आम्हीच ठरवलेलं. वर त्याने कुणाच्या नजरेस पडायचं नाही!

संध्याकाळी दारापासून कंपनीच्या बसपर्यंत चालताना आभाळ दिसलं, फिकट केशरी. मी थांबलो. ड्रायव्हरने लगेच हॉर्न वाजवला. मी बसमध्ये शिरलो.